तिकीट काढून खेळावयाचा गोल्फ

सावदा परिसरातील केळीच्या बागेत निंदणी करणाऱ्या बायांना शेतातील सर्वांत चिवट शत्रू कोण असे विचारले, तर बहुधा हरळीचे नाव पुढे येईल. खुरप्याने वर वर काढली तर आठ दिवसांत ती पुन्हा डोके काढते. मुळासकट खणून बांधावर टाकली तर बांधावर रुजते. गणपतीला वाहावयाच्या दूर्वा म्हणून वर्षातून काही दिवस तिला मान मिळतो, एवढेच. या हरळीला इंग्रजीत बर्म्युडा ग्रास म्हणतात. उष्ण प्रदेशांतील बहुसंख्य गोल्फ मैदाने तिच्यावर, किंवा तिचा दक्षिण आफ्रिकेतील एका भाऊबंदाशी संकर करून अमेरिकेतील टिफ्टन येथे तयार केलेल्या जातींवर उभी आहेत. खानदेशचा शेतकरी जिला काढून टाकण्यासाठी मजुरी देतो, तिच्यावरून चालण्यासाठी अन्यत्र लोक पैसे मोजतात. गोल्फ या खेळाची ओळख करून घेताना आरंभ येथूनच केलेला बरा, कारण हा खेळ प्रथमतः जमिनीचा आणि गवताचा आहे. काठी आणि चेंडू हे त्यानंतरचे.

गोल्फ म्हणजे धनिकांचा खेळ, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे आणि तो निराधार नाही. कलकत्त्यास 1829 साली आणि मुंबईस 1842 साली या खेळाचे क्लब निघाले ते गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी. स्वातंत्र्यानंतर खेळणारे बदलले, परंतु कुंपण राहिले. मुंबईतील नामवंत क्लबांचे सभासदत्व मिळविण्यासाठी आजही लाखो रुपये आणि अनेक वर्षांची प्रतीक्षा लागते. तथापि हा खेळ जेथे वाढला त्या स्कॉटलंडमध्ये त्याचे स्वरूप असे नव्हते, आणि आपल्या राज्यातही सभासदत्वावाचून, दिवसाचे शुल्क भरून खेळता यावे असे मैदान शासनाच्या एका महामंडळाने उभारले आहे. त्या मैदानाचा आणि त्यामागील विचाराचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

खारघरचे मैदान

नवी मुंबईची उभारणी करण्यासाठी 1970 साली सिडको, म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले. या महामंडळाने खारघर येथे डोंगराच्या कुशीत सुमारे 103 हेक्टर क्षेत्र गोल्फसाठी राखले आणि 2012 साली तेथे खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सुरू केला. आरंभी त्यात अठराहून कमी होल होते. पुढे अठरा होलपर्यंत त्याचा विस्तार करण्याचे काम सिडकोने हाती घेतले. खारघर 2016 पासून पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मैदान सिडकोचे असल्याने काटेकोर अर्थाने त्याला महानगरपालिकेचे म्हणता येणार नाही; परंतु सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक संस्थेने उभारलेले आणि क्लबाच्या सभासदत्वाची अट नसलेले म्हणून त्याची जात तीच आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडोसराय येथे कुतुबमिनारच्या सान्निध्यात केलेले मैदान हे देशातील पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून ओळखले जाते. खारघरचे मैदान त्याच वाटेवरचे आहे.

खारघरचे खरे वैभव त्याच्या पार्श्वभूमीत आहे. चेंडू ठेवून मान वर केली की समोर खारघरचा काळा कातळ उभा असतो. पावसाळ्यात त्या कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात. शंभर मीटरहून अधिक उंचीवरून कोसळणारा पांडवकड्याचा धबधबा याच परिसरात आहे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र हेच डोंगर वाळून पिवळे पडतात आणि पायथ्याची हिरवळ डोळ्यांना काहीशी उपरी वाटू लागते. हे उपरेपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पाण्याचा प्रश्न त्यातच दडलेला आहे आणि त्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

सावद्याहून निघणाऱ्या प्रवाशाला वाट सोपी आहे. भुसावळला गाडी पकडून ठाण्यास उतरावे, तेथून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलने खारघर गाठावे. 2023 च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाल्यापासून सेंट्रल पार्कपर्यंत जाण्याची आणखी एक सोय झाली आहे. निघण्यापूर्वी मैदान त्या दिवशी खुले आहे किंवा नाही, खेळण्याची वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते काय, आणि त्या वेळचे शुल्क किती, याची चौकशी केलेली बरी. शुल्क वेळोवेळी बदलते आणि सुटीच्या दिवसाचा दर वेगळा असू शकतो. पावसाळ्यात अशी मैदाने काही काळ बंद ठेवावी लागतात, हेही ध्यानात असावे.

खेळ कसा असतो

गोल्फचे नियमपुस्तक जाड आहे, परंतु खेळाचे सार एका वाक्यात सांगता येते: ठरलेल्या जागी ठेवलेला चेंडू काठीच्या शक्य तितक्या कमी फटक्यांत दूरवरच्या एका खळग्यात घालावयाचा. या खळग्याला होल म्हणतात. त्याचा व्यास 108 मिलिमीटर असतो. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असून चालत नाही. म्हणजे पाण्याच्या लोट्याच्या तोंडाएवढा खळगा आणि मोठ्या लिंबाएवढा चेंडू. त्या दोघांमधील अंतर मात्र कधी दीडशे मीटर, तर कधी पाचशे. असे अठरा होल पुरे केले की एक डाव होतो आणि त्यात सात-आठ किलोमीटरची चाल सहज घडते.

आरंभीच्या सपाट चौथऱ्याला टी म्हणतात. तेथून पुढे आखूड कापलेल्या गवताचा रुंद पट्टा जातो तो फेअरवे. त्याच्या दोन्ही अंगांस वाढू दिलेले गवत असते, त्याला रफ हे नाव आहे. वाटेत वाळूचे खड्डे, ओहोळ, तळी आणि झाडे मुद्दाम ठेवलेली असतात. शेवटी ग्रीन येते. तेथील गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर, जवळजवळ दररोज कापलेले असते. ग्रीनवर चेंडू उडवावयाचा नसून घरंगळवत न्यावयाचा असतो. पाहणाऱ्याला वाटते की हे काम अगदी सोपे. प्रत्यक्षात दोनशे मीटरचा फटका बरोबर बसलेला खेळाडू शेवटच्या दोन हातांत तीन फटके दवडतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे न पाहणे हा शिष्टाचार समजावा.

प्रत्येक होलसाठी चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत याचा एक अंक ठरलेला असतो. त्याला पार म्हणतात. तो बहुधा तीन, चार किंवा पाच असतो आणि अठरा होलांची बेरीज बहुतेक मैदानांवर बहात्तरच्या आसपास येते. येथपर्यंत सारे स्पष्ट आहे. परंतु या खेळाची खरी युक्ती पुढे आहे. नवशिका आणि मुरलेला यांनी एकत्र खेळावे आणि दोघांनाही जिंकण्याची आशा असावी, यासाठी प्रत्येकाच्या पूर्वीच्या खेळावरून त्याला काही फटक्यांची सूट देतात. या सवलतीला हँडिकॅप असे नाव आहे. समजा, एकाला वीस फटक्यांची सूट आहे आणि तो ब्याण्णव फटके घेतो. दुसऱ्याला सूटच नाही आणि तो पंच्याहत्तर घेतो. वीस वजा केल्यावर पहिल्याचे बहात्तर उरतात आणि तो जिंकतो. कुस्तीत वजनगट पाडून जे साधतात, ते येथे बेरीज-वजाबाकीने साधलेले आहे. म्हणूनच साठीचे आजोबा आणि सोळा वर्षांची नात एकाच डावात खऱ्या चुरशीने खेळू शकतात. असे म्हणता येईल असे खेळ फार थोडे आहेत.

पंच नसतो, ही आणखी एक गोष्ट. आपले फटके आपणच मोजावयाचे. झुडपामागे कोणी पाहत नसताना चेंडूला बूट लागला तर तेही आपणच सांगावयाचे.

नवशिक्याने पहिल्याच दिवशी मैदानात उतरण्याची घाई करू नये. गोल्फ मैदानाच्या शेजारी बहुधा सरावाची पट्टी असते. तेथे उभे राहून टोपलीभर चेंडू मारता येतात आणि शिकविणाराही मिळू शकतो. काठ्यांचा स्वतःचा संच विकत घेण्याचे कारण नाही. नियमाने चौदापर्यंत काठ्या नेता येतात हे खरे, पण शिकाऊ माणसाला चार-पाच पुरतात आणि अनेक सार्वजनिक मैदानांवर त्या भाड्याने मिळतात. कॉलर असलेला सदरा, साधी विजार आणि पायांत टाचेचे नव्हे तर सपाट तळाचे बूट, इतकी तयारी असली की पुरे. पुढील चौकडी पल्ल्याबाहेर गेल्याखेरीज फटका मारू नये, आणि चेंडू कोणाच्या दिशेने भरकटला तर मोठ्याने ‘फोर’ अशी आरोळी द्यावी. ही आरोळी हौसेची नव्हे. टणक चेंडू डोक्याला लागला तर इजा गंभीर होते.

चेंडूची किंमत आणि खेळाचा प्रसार

खेळ स्वस्त झाला की तो पसरतो, याचे गोल्फच्या इतिहासात एक सुरेख उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू चामड्याच्या लहान पिशवीत पिसे ठासून शिवलेला असे. कुशल कारागिरासही दिवसात तीन-चारच चेंडू जमत. साहजिकच त्यांची किंमत फार असे, आणि पावसात भिजला की चेंडू फुटे. 1848 च्या सुमारास मलायातील एका झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू घडविण्यात आला. चीक ऊन पाण्यात मऊ करावयाचा, साच्यात दाबावयाचा, की चेंडू तयार. किंमत उतरली आणि सामान्य लोक खेळू लागले. नवा गुळगुळीत चेंडू नीट उडत नाही आणि वापरून ओरखडे पडलेला अधिक दूर जातो, हे खेळाडूंच्या ध्यानात आले. तेव्हापासून चेंडूवर मुद्दाम खडबडीतपणा आणू लागले. आजच्या चेंडूवरील लहान खळगे हे त्याचेच सुधारलेले रूप होय. खळग्यांमुळे चेंडूला बिलगून जाणारा हवेचा थर अधिक काळ चिकटून राहतो, मागे ओढणारी पोकळी लहान होते आणि चेंडू दूर जातो.

गावाच्या मालकीचे माळरान

परंतु चेंडू स्वस्त होऊन भागत नाही. जमीनही खुली असावी लागते. या बाबतीत स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावाची हकीकत आपल्या नगरपरिषदांच्या सभासदांनी अवश्य वाचावी. समुद्रकाठच्या ज्या वाळवंटी कुरणावर तेथील लोक खेळत, त्यावरचा त्यांचा हक्क 1552 सालच्या एका सनदेत नमूद आहे. त्या सनदेने तेथील धर्मप्रमुखाला कुरणावर ससे पाळण्याची मुभा मिळाली, मात्र लोकांचा खेळण्याचा हक्क अबाधित राखला गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जबाजारी झाली आणि 1797 साली ते कुरण तिच्या हातून गेले. सशांचा व्यापार करणाऱ्यांनी तेथे ससे वाढविले. सशांनी मैदान पोखरले, खेळणारे आणि ससेवाले यांच्यात तंटा लागला, तो कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षे चालला. 1821 साली एका गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जागा विकत घेतल्यामुळे खेळ वाचला. गावाला ती परत मिळण्यास 1894 साल उजाडले, आणि त्यासाठी पार्लमेंटचा कायदा करावा लागला. 1974 पासून दुसऱ्या कायद्यान्वये स्थापन झालेला न्यास मैदानांची व्यवस्था पाहतो.

नगरपालिकेच्या एका निर्णयाने गेलेली जमीन परत यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आज जगभरचे लोक मोठे शुल्क देऊन तेथे खेळावयास जातात. गावचा रहिवासी मात्र वर्षाच्या स्वस्त तिकिटावर खेळतो. आणि रविवारी सर्वांत जुने मैदान खेळासाठी सामान्यतः बंद असते. त्या दिवशी ते गावाचे उद्यान होते. माणसे मुलांना आणि कुत्र्यांना घेऊन त्या प्रसिद्ध हिरवळीवर फिरतात. अमेरिकेतही न्यूयॉर्कमधील व्हॅन कोर्टलंड उद्यानात 1895 साली पहिले सार्वजनिक मैदान निघाले. सॅन डिएगो शहराच्या मालकीच्या टॉरी पाइन्स मैदानावर 2008 व 2021 साली अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा झाली. नगरपालिकेचे म्हणजे दुय्यम प्रतीचे, हे समीकरण सर्वत्र लागू नाही, असा याचा अर्थ.

आपल्याकडे उलट दिशेचाही एक दाखला आहे. नाशिक शहराच्या मध्यभागी असलेल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला जुने नाशिककर अजूनही गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. गोल्फ गेला, नाव राहिले. आज तेथे रणजी करंडकाचे सामने होतात आणि पहाटे शेकडो नागरिक फेऱ्या मारतात. मोजक्यांची जागा पुष्कळांच्या पायांखाली आली. माझ्या मते या बदलाबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही.

पाण्याचा हिशेब

आता सर्वांत अवघड मुद्दा. खारघर परिसरात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो. पण तो चार महिन्यांत येऊन जातो. उरलेले आठ महिने हिरवळ राखावयाची तर पाणी द्यावे लागते. हिशेब कठीण नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरावयाचे म्हणजे दहा हजार लिटर लागतात. उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तर हेक्टरी पन्नास हजार लिटर होतात. आणि एखाद्या मैदानाचे तीस हेक्टर भिजवावयाचे असतील तर रोजचे पंधरा लाख लिटर.

खानदेशातील वाचक या आकड्याची केळीशी तुलना केल्याशिवाय राहणार नाही. दीड मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी 4,444 झाडे बसतात. भर उन्हाळ्यात ठिबकने झाडाला पंधरा लिटर दिले, तर रोज सुमारे 67 हजार लिटर होतात. म्हणजे हेक्टराला हेक्टर लावून पाहिले तर हरळी केळीपेक्षा फार अधिक पाणी पिते असे नव्हे. फरक इतकाच की केळीचा घड निसवतो आणि सावदा स्थानकातून दिल्लीच्या दिशेने वॅगन भरून जात आला. हरळीचा घड नाही. म्हणून जेथे मैदान करावयाचे तेथे पिण्याचे किंवा विहिरीचे पाणी न वापरता शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरावे, ही अट आधी लिहून घ्यावयास हवी. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद गवताला खत म्हणूनच उपयोगी पडतात.

जागेविषयीही तेच. खारघरच्या मैदानाच्या विस्ताराच्या वेळी डोंगराच्या पायथ्याशी होणाऱ्या कामाला निसर्गप्रेमी नागरिकांनी आक्षेप घेतला. ज्या डोंगरामुळे मैदान देखणे झाले, तो डोंगरच मैदानासाठी कापला जाऊ नये, हे म्हणणे रास्त आहे आणि ते खेळणाऱ्यांनीही मांडावयास हरकत नाही.

मग सावद्यासारख्या गावाने गोल्फचे मैदान करावे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. रावेर आणि यावल तालुक्यांत भूजलाची पातळी वर्षानुवर्षे खोल गेली आहे आणि तापीकाठची काळी जमीन हिरवळीखाली घालणे परवडण्यासारखे नाही. परंतु खेळाचा परिचय करून देण्यास पन्नास हेक्टर लागतात असेही नाही. मोफसल भारतात पूर्वी ग्रीनच्या ऐवजी वाळूत वापरलेले तेल मिसळून, चोपून सपाट केलेले वर्तुळ वापरीत. त्याला ब्राउन म्हणत. पाण्याचा थेंबही न लागता त्यावर चेंडू घरंगळत जाई. आज तेल जमिनीत जिरविणे योग्य ठरणार नाही. पण चोपलेली माती आणि बारीक रेती यांचे दहा मीटरचे वर्तुळ शाळेच्या पटांगणाच्या कोपऱ्यात करता येते. एक खळगा, दोन काठ्या आणि चार चेंडू यांवर मुले हात बसविण्यास शिकू शकतात. विटीदांडूत नजर आणि मनगट तयार झालेल्या मुलाला हे अवघड जाऊ नये.

या खेळात दारिद्र्यातून वर आलेल्यांची उदाहरणेही आहेत. दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारी मुले, ज्यांना कॅडी म्हणतात, खेळ पाहता पाहता शिकली आणि पुढे व्यावसायिक खेळाडू झाली. दिल्लीतील कॅडी अली शेर यांनी 1991 साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली आणि दोन वर्षांनी पुन्हा जिंकली. 2016 साली, 112 वर्षांनंतर, गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक हिचे पदक एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने हे भारताकडून पुरुषांच्या स्पर्धेत खेळले. अशा खेळाडूंची संख्या वाढावयाची असेल तर सार्वजनिक मैदानांनी आठवड्यातील काही सकाळी शालेय विद्यार्थ्यांसाठी आणि कॅडींसाठी नाममात्र दराने राखून ठेवाव्यात, आणि सेंट अँड्र्यूजप्रमाणे एखादा दिवस फिरावयास येणाऱ्यांना मोकळा द्यावा. नियमावलीत दोन ओळी वाढविण्यापलीकडे यास फारसा खर्च नाही.

खारघरला जाणाऱ्या सावदेकराने एक काम मात्र विसरू नये. जोराच्या फटक्याने काठीखालची हरळी तळव्याएवढ्या तुकड्याने उखडून उडते. तो तुकडा शोधून आणावा, जागच्या जागी बसवून पायाने दाबावा. तो न सापडला तर खड्ड्यात मूठभर वाळू भरावी. दोन-तीन आठवड्यांत बाजूची मुळे सरकून जागा भरून येते. नवख्या खेळाडूंना हे पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. सावद्याच्या माणसाला ते सांगण्याची गरज पडणार नाही. उखडलेली हरळी किती लवकर धरते, हे त्याला चांगले ठाऊक आहे.